सासूबाईंसाठी घरात संडास: एफडी मोडायची की कर्ज काढायचं?

कराड तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय: "घरात आम्ही पाच जण. मिस्टर कारखान्यात आहेत, मी शिवणकाम करते. सगळं भागून महिन्याला साडेआठ हजार उरतात, त्यातले अडीच हजार एसआयपीत जातात. संडास अंगणाच्या टोकाला आहे, भारतीय पद्धतीचा. २०१७ मध्ये स्वच्छ भारतच्या १२,००० रुपये अनुदानातून दोन शोषखड्डे घेऊन बांधला. सासूबाई ७२ वर्षांच्या, गुडघे गेलेत. गेल्या पावसाळ्यात अंगणात घसरून पडल्या. मागच्या पडवीत कमोडचा संडास बांधायचा तर मिस्त्रींनी १,६८,००० सांगितले. बचत खात्यात ५५,००० आहेत. दोन लाखांची एफडी आहे ७ टक्क्यांची, पण ती मुलीच्या कॉलेजसाठी, पुढच्या वर्षी जूनमध्ये संपते. एक मोबाइल ॲप दीड लाख लगेच देतो म्हणतंय, १६ टक्क्यांनी. सासूबाईंनी तर पाटल्या मोडायला काढल्या आणि वर म्हणतात, मला कशाला, बाहेरचा चालतोय की."

ताई, संडास बांधा, आणि पाऊस लागायच्या आत बांधा. हा खर्च हौसेचा नाही. माझी आजी दुपारी चारनंतर पाणी प्यायची नाही. रात्री अंधारात अंगणात जायला नको म्हणून. आम्हाला हे पुष्कळ उशिरा कळलं, लघवीचा त्रास बळावून डॉक्टरांकडे न्यावं लागलं तेव्हा. तुमच्या सासूबाई संध्याकाळी किती पाणी पितात, रात्री जेवताना हात आखडता घेतात का, हे चार दिवस नुसतं बघा. "चालतोय की" या शब्दांत काय दडलंय ते समजेल. आणि पुढच्या वेळी पडून खुब्याचं हाड मोडलं, तर मुलीच्या कॉलेजची एफडी तशीही जाईल.

पण १,६८,००० चा संडास बांधू नका. मिस्त्रींचा कागद तुम्ही पाठवलात ते फार बरं केलंत. त्यात सेप्टिक टँक ५२,०००, बांधकाम ४६,०००, टाइल्स २८,०००, भिंतीवर टांगायचा कमोड आणि भिंतीत लपवलेली टाकी २४,०००, नळ आणि गीझर १८,०००. सगळ्यात मोठा आकडा जमिनीखालचा आहे, आणि तोच बहुधा लागणार नाही.

तुमच्याकडे दोन खड्डे आहेत, पडवीपासून पंधरा फुटांवर, आणि जमीन मुरमाड आहे. असा एक खड्डा पाच-सहा माणसांना साधारण पाच वर्षं पुरतो. तो भरला की चेंबरमध्ये, म्हणजे जिथून दोन्ही खड्ड्यांकडे पाइप फुटतात त्या झाकणाच्या हौदीत, प्रवाह दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचा आणि पहिला दीड-दोन वर्षं तसाच बंद ठेवायचा. आतल्या मैल्याचं खत होतं, मग उपसताना ना वास ना किळस. आधी चेंबरचं झाकण काढून बघा, प्रवाह कधी वळवला होता का. पुष्कळ घरांत दुसरा खड्डा कोराच पडून असतो आणि लोक नवीन टँकचे पैसे मोजतात. मात्र पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी तुंबत असेल, तर टँक आणि त्याचा शोषखड्डा करावाच लागेल. मग माझा पुढचा हिशोब धरू नका, मला पुन्हा लिहा. खड्डे चांगले असतील तर दोन बटनांची टाकी घ्या, तीन आणि सहा लिटरची, आणि न्हाणीचं पाणी त्या खड्ड्यांत अजिबात सोडू नका.

आता नवा आकडा. पाइप आणि चेंबर ९,०००. पडवीच्या दोन भिंती उभ्याच आहेत, त्यामुळे बांधकाम ४०,०००. टाइल्स १४,०००: खाली न घसरणाऱ्या, भिंतीला चार फुटांपर्यंत, त्यावर रंग. जमिनीवर बसणारा कमोड आणि बाहेरची टाकी १०,०००. भिंतीत लपवलेली टाकी बिघडली तर गावात दुरुस्त कोण करणार? नळ आणि जेट ६,०००, गीझर नको. दोन्ही बाजूंना पकडायचे स्टीलचे दांडे आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा ५,०००. म्हातारीसाठी संडास बांधायचा आणि मिस्त्रींच्या कागदात दांडेच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटलं. बेरीज ८४,०००, वर ८,००० हाताशी ठेवा. म्हणजे ९२,०००.

पैसे कुठून? बचत खात्यातून ३२,००० काढा. उरलेले ६०,००० एफडीवर कर्ज म्हणून घ्या. एफडी मोडायची नाही, तारण ठेवायची. बँका सहसा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावतात. ८ टक्के धरले आणि दरमहा ६,००० मुद्दल फेडलं, तर दहा महिन्यांत कर्ज संपतं आणि व्याज जातं साधारण २,२००. तिकडे एफडी आपले ७ टक्के कमावत राहते आणि जूनमध्ये मुलीला पूर्ण मिळते. एसआयपीही चालू राहते.

एफडी मोडलीत तर अर्धा-एक टक्का दंड बसेल, पण मला भीती दंडाची नाही. मोडलेली एफडी पुन्हा होत नाही, हे मी घरोघरी पाहिलंय. दुसरं म्हणजे बचत खात्यात २३,००० च राहतील, आणि घरात वयस्कर माणूस आहे. एफडीवर साधारण ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, म्हणजे अडीअडचणीला आणखी लाखभर उभे करता येतील. मोडली की तो आधार गेला.

ॲपचं कर्ज तर नकोच. दीड लाख, १६ टक्के, तीन वर्षं: हप्ता ५,२७४, आणि एकूण परतफेड जवळजवळ १,९०,०००. पाटल्या सासूबाईंच्या हातातच राहू द्या. मोडताना घडणावळ बुडते, आणि आपल्यामुळे घरातलं सोनं गेलं हे त्यांच्या मनात कायम राहील.

पुण्याच्या दिरांना सांगायला संकोच वाटतो, असं तुम्ही शेवटी लिहिलंत. सांगा. आई त्यांचीही आहे. मदत मागायची नाही, कागद पुढे ठेवायचा. त्यांनी वीस हजार दिले तर कर्ज ४०,००० वर येईल.

मिस्त्रींशी मजुरी उक्ती ठरवा, सामान मात्र मिस्टरांनी स्वतः आणावं. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि शेवटचे पाच हजार पाणी सोडून उतार तपासल्यावरच. दार बाहेर उघडणारं हवं: आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. उंबरा नको.

काम संपेपर्यंत महिना जाईल. तोवर कमोडची खुर्ची आणा, औषधांच्या मोठ्या दुकानात मिळते. रात्रीपुरती त्यांच्या खोलीत ठेवा. आणि कमोड विकत घेण्याआधी सासूबाईंना वेगवेगळ्या उंचीच्या खुर्च्यांवर बसवून बघा. ज्या उंचीवरून त्या कुणाचा हात न धरता उठतात, ते माप टेपने घ्या आणि दुकानात सोबत न्या.