कौटुंबिक हिंसाचारावर काम करणाऱ्या छोट्या संस्थेने सरकारी अनुदान घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की तुमची पाच-सहा जणींची संस्था आजवर देणग्यांवर चालली, आता सरकारी योजनेतून पैसे मिळू शकतात, तर ते घ्यावेत का? आणि घेतले तर आपण सरकारी कचेरीच होऊन बसू का?

मी एकोणीस वर्षं समुपदेशक म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी अनुदानावर चालणाऱ्या केंद्रात. माझं मत सांगते: घ्या. फक्त कशासाठी घेताय आणि करारात काय लिहून घेताय, तिथे डोळ्यांत तेल घालून बसा.

घ्या का म्हणते, तर पैशापेक्षा जागेसाठी. आमचं केंद्र एका सरकारी रुग्णालयात होतं, केसपेपरच्या खिडकीपासून चार दारं पुढे. एकदा एक बाई "मोरीत पाय घसरला" म्हणून आली, सोबत नवरा. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला तिच्या दोन्ही दंडांवर बोटांचे वळ दिसले. सिस्टर नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही तोवर औषधं घेऊन या, रांग मोठी आहे." आणि त्या बाईला हाताला धरून माझ्या खोलीत आणून बसवलं. वीस मिनिटं मिळाली आम्हाला. पुढच्या वेळी ती "टाके काढायला जाते" सांगून एकटी आली. घरी "दवाखान्यात जाते" असं सांगता येतं. "संस्थेत जाते" असं सांगणं बहुतेकींना शक्यच नसतं. अशी जागा देणगीच्या पैशाने भाड्याने मिळत नाही, ती सरकारशी करार करूनच मिळते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाची तरी मदत मागितलेल्या साधारण १४ टक्के. त्यांतल्याही बहुतेकी माहेरच्यांकडे गेल्या, पोलिसांपर्यंत पोचलेल्या अगदी थोड्या. म्हणजे आपण बोर्ड लावून बसलो आणि बाया आल्या, असं होत नाही. त्या जिथे जातातच, तिथे आपण असावं लागतं.

हे मुंबईत फार आधी ओळखलं गेलं. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. बसायला पोलिसांची जागा, पण आतली माणसं प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने तो आपलासा केला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. दुसरं उदाहरण 'दिलासा'चं. 'सेहत' ही संस्था आणि मुंबई महानगरपालिका यांनी २००० सालच्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हे हिंसा सोसलेल्या बायांसाठीचं समुपदेशन केंद्र उभं केलं. पालिकेच्याच कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, काही वर्षांनी केंद्र पालिकेने स्वतःकडे घेतलं, आणि नंतर आरोग्य अभियानाच्या पैशातून शहरातल्या आणखी रुग्णालयांत ते पोचलं. मला यातली भावलेली गोष्ट ही की संस्थेने पद्धत घडवली, माणसं तयार केली आणि चालवण्याचा भार यंत्रणेवर टाकला. संस्थेचं नाव मोठं व्हावं म्हणून कोणी केंद्र धरून बसलं नाही.

आता कायद्याचं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्याच्या कलम १० खाली तुमची संस्था 'सेवा पुरवणारी संस्था' म्हणून नोंदणी करू शकते. ती आधी करून टाका. नोंदणी झाली की बाईची इच्छा असेल तर घरगुती घटनेचा अहवाल, म्हणजे तिच्यावर झालेल्या हिंसेची ठरावीक नमुन्यातली नोंद, तुम्ही स्वतः करू शकता, तो दंडाधिकाऱ्यांकडे आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे (बाईला मदत मिळवून द्यायला या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) पाठवू शकता, आणि आदेश देण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांना तो विचारात घ्यावा लागतो. मात्र नोंदणीने अधिकार मिळतो, पैसा मिळत नाही. या कायद्याने कामं भरपूर नेमून दिली, त्यासाठी वेगळा निधी ठेवला नाही. म्हणूनच अनेक राज्यांत संरक्षण अधिकारी म्हणजे मूळ खात्याचं काम सांभाळून 'अतिरिक्त कार्यभार' असलेला कोणीतरी, असं झालं. कायदा येऊन इतकी वर्षं झाल्यावर, मे २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. कारण त्या रिकाम्या खुर्चीपुढे दिवसभर बसून परत गेलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

पैसा प्रामुख्याने दोन वाटांनी येतो. २०१३ च्या अर्थसंकल्पात १००० कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला. त्यातून १ एप्रिल २०१५ पासून सखी वन स्टॉप सेंटर सुरू झाली, खर्च पूर्ण केंद्राचा. एकाच छताखाली वैद्यकीय मदत, पोलीस, वकील, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय. १८१ ही महिला हेल्पलाइनही त्याच सुमारास देशभर नेली. दुसरी वाट निवाऱ्याची. स्वाधार गृह आणि उज्ज्वला या जुन्या योजना एकत्र करून आता केंद्राच्या 'मिशन शक्ती' या महिलांसाठीच्या योजनेखाली शक्ती सदन हे निवारागृह आहे, त्यात केंद्र आणि बहुतेक राज्यांचा वाटा ६०:४०. तुमच्या आकाराच्या संस्थेने निवारागृहाच्या मागे लागू नये, असं मला वाटतं. त्याला चोवीस तास माणसं लागतात, आणि अनुदानाचा हप्ता अडला तर आत राहणाऱ्या बायांना तुम्ही उपाशी ठेवू शकत नाही. समुपदेशन, कोर्टात सोबत, पोलीस-दवाखान्यातल्या लोकांचं प्रशिक्षण, यासाठी हात पुढे करा.

हप्ता अडतो, हे गृहीतच धरा. आम्हाला एका वर्षी आठ महिने मानधन मिळालं नव्हतं. मग मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सगळं एकदम जमा झालं आणि ३१ तारखेच्या आत खर्च दाखवून उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) द्या म्हणाले. त्या आठ महिन्यांत आमच्या दोन उत्तम समुपदेशक सोडून गेल्या. त्यांच्या नावाने विचारत येणाऱ्या बायांना मी काय सांगणार होते? दर वेळी नव्या माणसासमोर पहिल्यापासून सगळं सांगायचं, हे किती जड असतं ते तुम्हालाही माहीत आहे. देणग्यांमधून किमान सहा महिन्यांच्या पगाराची रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय करारावर सही करू नका.

स्वातंत्र्य जाईल का, या तुमच्या भीतीचं म्हणाल तर ते एखाद्या आदेशाने जात नाही, प्रपत्रातल्या रकान्यांतून जातं. आमच्या मासिक अहवालात एक रकाना होता, 'समेट झालेली प्रकरणे'. तो भरलेला दिसला की बैठकीत कौतुक व्हायचं. हळूहळू आमच्यातलीच एक जण बाईला "एकदा जमवून बघा ना" म्हणू लागली. तिला दोष देत नाही, रकाना तिच्याकडून बोलवून घेत होता. आम्ही तीन बैठका भांडून त्याच्या शेजारी 'सुरक्षितता आराखडा तयार केला' (पुन्हा मारहाण झाली तर बाईने काय करायचं, कुठे जायचं याची आखणी) आणि 'स्त्रीच्या इच्छेनुसार पुढील पाऊल' असे दोन रकाने घालून घेतले.

दुसरी ठिणगी नावांवरून पडली. पडताळणीसाठी लाभार्थींची नावं, पत्ते, फोन नंबर असलेली यादी मागितली गेली. आम्ही सांकेतिक क्रमांक दिले, नावं दिली नाहीत. पडताळणी करणाऱ्याने केंद्रात येऊन, नाव झाकून, नोंदी पाहाव्यात असं सांगितलं. एक हप्ता त्यापायी लांबला. परत तशी वेळ आली तरी मी तेच करीन, कारण अशा यादीतला एक फोन चुकीच्या वेळी घरी गेला तर काय होतं, ते मी पाहिलंय.

म्हणून सामंजस्य करारात गोपनीयतेचं कलम आधीच घाला आणि बैठकीआधी मासिक अहवालाच्या प्रपत्राची कोरी प्रत मागून घ्या. अंदाजपत्रकात बायांच्या प्रवासखर्चाचं वेगळं शीर्ष ठेवा, ते नंतर मंजूर करून घेणं महाकठीण असतं. कोर्टाच्या तारखेला यायला भाडं नाही म्हणून बायांचे अर्ज तसेच निकाली काढले गेले आहेत. तुमच्या अंदाजपत्रकाचा मसुदा झाला की त्यातली शीर्षं इथेच लिहा, मी नजर टाकीन.