टॅक्रोलिमसची लेव्हल: दोन लॅब, दोन आकडे

प्रश्न: वडिलांची किडनी बदलून 14 महिने झाले. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस सकाळी 9 आणि रात्री 9 वाजता घेतात. गेल्या महिन्यात लेव्हल, म्हणजे रक्तातले औषधाचे प्रमाण, 6.2 होती. या वेळी घराजवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये केली, तर 9.1 आली. डोस तोच आहे. कोणत्या लॅबवर विश्वास ठेवायचा?

उत्तर: कदाचित दोन्ही लॅब बरोबर असतील. आधी दोन्ही रिपोर्टवर तपासणीची पद्धत काय लिहिली आहे ते बघा. एलसी-एमएस/एमएस पद्धत (रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणारी) नेमके टॅक्रोलिमसच मोजते. इम्युनोअसे या दुसऱ्या पद्धतीत औषध पकडायला वापरलेल्या अँटिबॉडीला मात्र औषधाचे शरीरात झालेले काही तुकडेही टॅक्रोलिमसच वाटतात, म्हणून आकडा बहुधा चढा येतो. दहा-वीस टक्के फरक सहज पडतो, आणि लिव्हरचे काम मंदावले असेल तर जास्तही.

पण 6.2 मध्ये वीस टक्के मिळवले तरी 7.4 च होतात. 9.1 चा हिशेब केवळ पद्धतीने लागत नाही, तेव्हा पुढचा संशय वेळेवर. ही ‘ट्रफ’ लेव्हल आहे, म्हणजे रात्रीच्या डोसनंतर 12 तासांनी, सकाळचा डोस घ्यायच्या आधीचे रक्त. घरी येणारा कलेक्शनवाला उपाशीपोटीच्या तपासण्यांसाठी 7 लाच दारात उभा असतो. तेव्हा रक्त दिले तर 10 तासच झालेले असतात, आकडा थोडा वर जातो. खरा घोळ होतो तो सवयीने गोळी आधी घेतली की. गोळीनंतर साधारण 1 ते 3 तासांत रक्तातले औषध शिखरावर असते आणि त्या वेळचा आकडा ट्रफ म्हणून काहीच कामाचा नसतो. असे झाले तर रक्त देऊ नका, दुसऱ्या दिवशी द्या. (दिवसातून एकदाच घ्यायची लांब असराची गोळी असेल तर 12 च्या जागी 24 तास धरा.)

वेळ चोख असेल तर मधल्या काळात काय घडले ते आठवा. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, डिल्टियाझेम यांनी लेव्हल वाढते, पपनस आणि ग्रेपफ्रूटनेही. जुलाब लागले तरी ती वाढते. पुष्कळांना उलटे वाटते: औषध वाहून गेले असेल, म्हणून ते गोळी जास्त घेतात. तसे करू नका. टीबीवरचे रिफाम्पिसिन किंवा फिटवरचे फेनिटॉइन लेव्हल खाली खेचते.

लॅबच्या हातून चूक होते ती बहुधा यंत्राच्या आधी. टॅक्रोलिमस मुख्यतः तांबड्या पेशींत बसते, म्हणून जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीतले पूर्ण रक्त लागते, सीरम (पेशी काढून उरलेले रक्ताचे पाणी) चालत नाही. नळी उभी राहिली की पेशी तळाला बसतात. ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट न करता वरचे रक्त उचलले तर आकडा खोटा कमी येतो. काही यंत्रांसाठी टेक्निशियनला 200 मायक्रोलिटर रक्त हाताने मोजून त्यात रसायन घालावे लागते, मग घुसळून सेंट्रिफ्यूज. या पायरीत हात चुकला तर पुढचे महागडे यंत्र ती चूक इमानेइतबारे छापते.

म्हणून आता पहिल्याच लॅबमध्ये, बरोबर 12 तासांनी, पुन्हा तपासा आणि सोबत क्रिएटिनिनही (किडनीचे काम दाखवणारी तपासणी) करा. शेवटचा डोस किती वाजता घेतला आणि रक्त किती वाजता दिले, हे नळीच्या फॉर्मवर लिहायला लावा. डोसला हात नेफ्रॉलॉजिस्टच लावतील. डोस बदलला तर लेव्हल लगेच दुसऱ्या दिवशी नको, दोन-तीन दिवस जाऊ द्या. रिपोर्टवर छापलेल्या ‘नॉर्मल’ मर्यादेकडे फार बघू नका, तुमच्या वडिलांचे लक्ष्य त्यांचे डॉक्टर ठरवतात.

प्रश्न: आमच्या गावाहून सॅम्पल मोठ्या शहरात जाते, दोन दिवस लागतात. ते खराब होत नाही का?

उत्तर: नाही. टॅक्रोलिमस पूर्ण रक्तात चांगले टिकते, 2 ते 8 अंशांवर आठवडाभर तरी. रक्तात गुठळी झाली तर मात्र सॅम्पल बाद.

प्रश्न: माझे टॅक्रोलिमसऐवजी सायक्लोस्पोरिन आहे, तेही किडनी नाकारली जाऊ नये म्हणूनच. गोळीनंतर 2 तासांनी रक्त द्यायला सांगितले. चुकून तर नाही?

उत्तर: चूक नाही, ही ‘सी-टू’ लेव्हल. इथे घड्याळ कडक: गोळी गिळल्यापासून 2 तास, पुढेमागे 15 मिनिटे. लॅबमध्ये रांग असते, म्हणून गोळी लॅबच्या बाकावर बसूनच घेतलेली बरी. हा आकडा गोळीआधीच्या लेव्हलच्या कितीतरी पट येतो, तेव्हा जुन्या ट्रफ रिपोर्टशेजारी ठेवून घाबरू नका.