मैत्रिणीचं सैपाकघर लावून द्यायचंय, पण किती आणि कसं?

पत्र मारेगाव तालुक्यातल्या एका बाईचं आहे, थोडक्यात देते. "ताई, माझी शाळेपासूनची मैत्रीण सोळा वर्षांचा संसार सोडून वणीला एका खोलीत राहायला आली. दोन बॅगा कपडे आणि कागदपत्रं एवढंच सोबत. मूलबाळ नाही. कपड्याच्या दुकानात कामाला लागली, पहिला पगार महिना भरल्यावर. माहेरचे बोलत नाहीत. घरमालकीणबाईनं गॅस वापरायला दिला पण मी गेली तेव्हा पाहिलं, चहा-टोस्टवर दिवस काढून राहिली. माझ्याजवळ कापूस वेचणीचे दोन-अडीच हजार आहेत, त्यात तिचं सैपाकघर लावून द्यावं असं मनात आहे. काय घेऊ, किती घेऊ? तिला उपकार वाटले तर? की पैसेच देऊन टाकू? सासूबाई म्हणतात दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत पडू नको."

पोरी, तुझं पत्र वाचून लय बरं वाटलं. पोरगी सासरी जायला निघाली की माहेरचे पिशवीत डाळ, तिखट, पापड, शेवया भरून देतात, सोळा वर्षांपूर्वी तिलाही दिलं असेल, आणि आता जेव्हा खरी गरज होती तेव्हा कोणी काही दिलं नाही. ते तू देऊन राहिली. यात उपकाराचं काही नाही, फक्त कसं द्यायचं ते जरा विचारानं कर, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, सामान आपल्या घरच्या मापानं भरू नको. आपण खेड्यातल्या बाया क्विंटलात विचार करतो, तूर पोत्यानं, गहू वर्षाचा, तिखट पायलीनं कुटून ठेवायचं. तिच्या खोलीत ना कोठी ना कणगी, एकटीचं पोट, त्यात संध्याकाळी आठ वाजता दुकानातून दिवसभर उभी राहून येणार. दहा किलो डाळ नेऊन दिली तर दोन महिन्यात भुंगे होतील आणि ती टाकून देताना तिला जे वाटेल ते तिला आता नको. एका माणसाला एका वेळेला अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी डाळ पुरते, भाकरी दोन. या हिशोबानं पगार होईपर्यंतचं भर. तूरडाळ 1 किलो, मुगाची डाळ अर्धा किलो, तांदूळ 3 किलो, ज्वारी 3 किलो, कणिक 2 किलो, बेसन अर्धा किलो, तेल 1 लिटर, साखर आणि गूळ, चहापत्ती पाव किलो, मीठ, हळद, तिखट, जिरं, मोहरी. पोहे आणि फल्लीदाणे विसरू नको, भूक लागली आणि काहीच करायची इच्छा नसली तर तेच कामी येतात.

ज्वारी सगळी दळून देऊ नको. पंधरा दिवसात पिठाची विरी जाते, मग भाकरी थापताना तुटते आणि माणूस आधीच थकलेलं असलं की तुटलेल्या भाकरीवर रडू येते. 1 किलो दळून दे, बाकी दाणे ठेव, वणीत चक्क्या काही कमी नाहीत. तूरडाळ यंदाची घरची असेल तर तीच दे, तिला एरंडेल तेलाचा हात लावून दे म्हणजे किडे होणार नाहीत, फक्त शिजवायच्या आधी दोन पाण्यानं धुवायला सांग. तांदळात कडूनिंबाचा वाळलेला पाला टाकला की झालं. हळद वायगावची मिळाली तर तीच घे, रंग चांगला आणि चिमूटभरात भागते. तिखट घरचं दे, विकतच्या पाकिटाला ती चव नाही आणि आपल्याकडच्या माणसाला तिखट बरोबर नसलं की जेवण परकं वाटते.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते ऐक. धान्य, डाळ, तेल हे तर कोणीही भरून देईल. एकटी बाई उपाशी राहते ती घरात काही नाही म्हणून कमी आणि एकटीसाठी काय चूल पेटवायची म्हणून जास्त. सोळा वर्षं तिनं सात-आठ माणसांचं रांधलं असेल, तिच्या हाताला एका माणसाचं माप माहीत नाही, एक दिवस करते, उरते, दुसऱ्या दिवशी तेच खाते, तिसऱ्या दिवशी चहा-टोस्ट. तू जे पाहिलं ते हेच आहे, नुसता पैशाचा प्रश्न असता तर टोस्टाऐवजी भात केला असता, तो काही महाग नाही. म्हणून सामानात निम्मं असं पाहिजे की जे पंधरा मिनिटात ताटात येईल.

मुंगवड्या, म्हणजे मुगाच्या डाळीच्या वाळवलेल्या वड्या, दे. आपल्याकडे उन्हाळ्यात घातलेल्या असतातच, नसतील तर शेजारी माग, कोणी नाही म्हणत नाही. मूठभर वड्या थोड्या तेलात लालसर होईपर्यंत परतायच्या, काढून वाटीच्या बुडानं जराशा फोडायच्या, मग त्याच तेलात कांदा, ठेचलेला लसूण, तिखट, हळद, ग्लासभर गरम पाणी आणि वड्या परत आत. झाकण ठेवून दहा मिनिटं. वड्या रस्सा पिऊन फुगल्या की बंद. भाजी आणायला बाजारात जायचं काम नाही, फ्रीज लागत नाही, आणि भाकरीसोबत, भातासोबत दोन्हीकडे चालते. बेसन याच्यासाठीच सांगितलं, चून म्हणजे पिठलं तर दहा मिनिटात होते. जवसाची चटणी एक बरणी भरून दे, नुसत्या गरम भातावर तेल आणि जवसाची चटणी, झालं जेवण. थोडे सांडगे, पापड, वाळलेली मेथी. आलू-कांदे-लसूण 1-1 किलोच्या आत, सांभार (कोथिंबीर) तिचा तिला रोज मिळेल. रवा थोडा भाजून दे, भाजलेल्याला लवकर अळ्या होत नाहीत आणि तिचं अर्धं काम झालेलं राहते. दुधाचं मात्र पाव लिटरच आण म्हणावं, फेब्रुवारी संपला की दुपारपर्यंत नासून जाते, कोरड्या दुधाचं एक लहान पाकीट ठेवलं तर चहापुरती सोय होते.

भांडी. इथे तुझ्या पैशाची खरी गरज आहे. लहान कुकर असला तर सगळ्यात चांगलं, दोन लिटरचा, तुझ्या घरी पडून असलेला जुना असेल तर नवी रिंग आणि शिट्टी टाकून दे. एक लहान गंज म्हणजे पातेलं, एक कढई, तवा, सराटा (उलथणं), सांडशी, पोळपाट-लाटणं, पीठ मळायला कोपर म्हणजे परात, दोन ताटं. दोन ताटं मुद्दाम म्हणते, कोणी आलं तर. आणि मोठं काही नको, मोठा गंज दिसला की हात आपोआप जास्त टाकतो. तिच्या आंदणातली भांडी सासरीच असतील, आपल्याकडे नाव टाकून दिलेली असतात, ती तिचीच आहेत, स्त्रीधन म्हणतात त्याला, आणि 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करून ते परत मागता येते. ती लगेच मागेल न मागेल, पण तिला हे माहीत पाहिजे. मारहाणीचं तू काही लिहिलं नाही, पण तसं असेल किंवा कोणी खोलीवर येऊन त्रास देत असेल तर 181 हा महिलांसाठीचा नंबर आणि 112 तिच्या फोनमध्ये टाकून दे, आणि खोलीचा पत्ता गावात कोणालाही सांगू नको, कितीही गोड बोलून विचारलं तरी.

रेशनचंही लगेच बघायला सांग. तिचं नाव अजून नवऱ्याच्या कार्डात असणार, ते कमी करून वेगळं कार्ड काढायला तहसीलच्या पुरवठा विभागात अर्ज द्यावा लागतो, वेळ लागतो म्हणून आजच सुरुवात करायला पाहिजे. रेशनच्या प्राधान्य कुटुंब गटात बसली तर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते, एकटीच्या निम्म्या महिन्याच्या वर ते जाते. घरमालकीणबाईचा गॅस कायम राहणार नाही, तर 5 किलोचा लहान सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतो, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत, पगार झाला की आधी ते.

उपकार वाटण्याचं विचारलं. सगळं एका दिवशी गाडीवर लादून नेऊ नको, घरमालकीण, शेजारीण सगळ्या दारात उभ्या राहून पाहतील आणि तिला कानकोंडं होईल. घरचं जे आहे, डाळ, तिखट, वड्या, चटणी, ते पिशवीत घेऊन जा, आपण मैत्रिणीकडे जाताना तसंही काही घेऊनच जातो. किराणा मात्र तिला सोबत घेऊन घे. दुकानात उभं राहून तिला विचार, कोणती चहापत्ती, तांदूळ जाड का बारीक, तेल कोणतं. ती म्हणेल काहीही चालते. थांब जरा, पुन्हा विचार. सोळा वर्षं घरात जे सगळ्यांना आवडते ते आलं, तिला स्वतःला काय आवडते हे कोणी विचारलं नाही आणि तिलाही आठवायला वेळ लागेल. एक तरी गोष्ट अशी घ्या जी सासरी येत नव्हती, ते शेव असो का लोणचं असो का मसाल्याचं पाकीट. पैसे तू दे, पण पिशवी तिच्या हातात राहू दे. त्या संध्याकाळी तिच्याकडेच थांबता आलं तर थांब, तिनं सैपाक करावा, तू जेवावं. तुला वाढताना तिला आपल्या घरात पाहुणी आली असं वाटेल, हे मी खात्रीनं सांगते.

आणि ती म्हणाली की पगार झाला की परत देते, तर नाही म्हणू नको. बरं म्हण. दिलेच तर घे, त्याचा पुन्हा कुकर-डबा काहीतरी होईल.

नुसते पैसे देऊ नको असं म्हणणार नाही, पाचेकशे रुपये वेगळे ठेवून दे, औषध, बसभाडं, मोबाईलचा रिचार्ज हे किराण्यात येत नाही. पण सगळे पैसेच दिले तर ती खोलीभाड्याच्या काळजीनं ते बाजूला ठेवेल आणि पुन्हा टोस्टच खाईल.

सासूबाईंचं. लपवून काही करू नको, लपवलं की साधी गोष्ट भानगड होते. एकदा सरळ सांग की माझ्या वेचणीचे पैसे आहेत, शाळेपासूनची मैत्रीण आहे, मी तिला महिनाभराचा किराणा देऊन राहिली, तिच्या नवरा-बायकोच्या वादात मी नाही. यापेक्षा जास्त खुलासा करत बसू नको. जमलं तर मुंगवड्या त्यांच्याच हातून काढून घे. जुन्या बायांना पोटाला घालायला नाही म्हणणं जमत नाही, तोंडानं काहीही म्हणोत.

खोलीला स्लॅब आहे का पत्रे आहेत ते लिहिलं नाही. पत्रे असले तर मार्चपासून तेल, दाणे, गूळ कुठे ठेवायचे ते वेगळं सांगावं लागेल, उलट टपाली कळव.

तुझी ताई