भोपळा घरंगळत नाही

बाबू,

अनेक आशीर्वाद.

म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीवर १२ मिनिटांची फिल्म करायची म्हणतोस, तीही गावातच, मोबाइलवर. कर. पण तुझ्या संहितेतली निम्मी पानं म्हातारीचा मुलगा, सावकार आणि बँकेची नोटीस यांनीच खाल्ली आहेत. विदर्भ म्हटलं की कर्ज आलंच पाहिजे असं कुठं आहे? ते सगळं काढ. म्हातारीला लेकीकडे जायचंय आणि मधे जंगल आहे, एवढं पुरतं.

नव्याने लिहायला बसण्याआधी जिल्हा परिषदेच्या शाळेत जा. दुसरी-तिसरीच्या पोरांना गोष्ट तोंडी सांग आणि रेकॉर्डिंग चालू ठेव. पोरं कुठं तुझ्याआधीच बोलून मोकळी होतात ते नंतर ऐक. त्या जागांना हात लावायचा नाही, बाकी सगळं तुझं. जनावरांशी होणारं तेच ते बोलणं कानाला गोड, पडद्यावर मात्र कंटाळवाणं. म्हणून पहिली भेट ४० सेकंद, दुसरी २५, तिसरी १०. तिसऱ्यांदा नुसती पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, हलली तरी पोरांना कळतं.

लोककथेला मालक नाही. पण पुस्तकातली चित्रं, कुणी रचलेलं गाणं, मोबाइलवर सापडलेलं संगीत, यांना असतो. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं हक्क राहतो. तेव्हा शब्द आजीच्या तोंडचे घे.

आता कोहळं. (भोपळ्याला घरी आपण कोहळं म्हणतो, पण फिल्ममध्ये 'भोपळ्या'च राहू दे, पोरांची जीभ त्यावरच बसली आहे.) तू त्याला उतारावरून घरंगळत आणलंस. अरे, टुणुक म्हणजे उडी! घरंगळणारी वस्तू कुठं जाणार ते आधीच दिसतं. उडी मारणारी आता कुठं पडते, म्हणून पोरं पुढे सरकून बसतात.

त्यासाठी दोन भोपळे लागतील. मोठा ४ फुटांचा, म्हातारी बसेल असा. बुरडाकडून बांबूच्या कमच्या आणून सांगाडा बांध. मागची बाजू उघडीच ठेव. कॅमेऱ्याला पुढचीच दिसते, आणि आत बसलेल्या बाईला वारा लागतो. वर रद्दी आणि मैद्याची खळ, पाच-सहा थर. एक थर कडक वाळल्याशिवाय दुसरा चढवू नको. घाई केलीस की आत ओल राहते, बुरशी धरते आणि फाकी खचतात. एकच नारिंगी रंग फासलास तर प्लॅस्टिकचा दिसेल. खाचांमध्ये पातळ गेरू उतरव, देठाजवळ हिरवट राख.

उड्या मात्र लहान भोपळ्याच्या. फूटभराचं खरं कोहळं शूटिंगच्या सकाळीच पोखर, आदल्या दिवशी पोखरलेलं उन्हात लिबलिबीत होतं. जोडीला दोन राखीव ठेव. लांब बांबूला तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) बांधून वरून उचल आणि सोड, खाली भुसभुशीत माती. आता हिशेब नीट समजून घे. ४ फुटांच्या जागी १ फूट, म्हणजे चौथा हिस्सा. वस्तू खाली यायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, आणि चारचं वर्गमूळ दोन. म्हणून सेकंदाला ५० फ्रेमने घे आणि २५ ने चालव. मग फूटभराचं कोहळं चार फुटांच्या भारानं पडतं. साध्या वेगात घेतलंस तर चेंडूसारखं टपटपेल. कॅमेरा जमिनीला टेकलेला हवा. माती चाळणीने चाळून घे, कारण एक ढेकूळ आलं की माप उघडं पडतं. झाडं म्हणून सरपणातल्या पऱ्हाट्यांचे शेंडे रोव. हे सगळं अंगणात होतं.

वाघ मुखवट्याचाच. खऱ्या वाघाला किंवा अस्वलाला कामाला लावायला कायद्याने बंदी आहे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांतला नट मिळाला तर उत्तम, पण दिवाळीनंतर त्यांचा हंगाम सुरू होतो, त्याआधीच गाठ. त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला घडलेला असतो आणि तुझा कॅमेरा हातभर अंतरावर. त्याला कुजबुजायला सांग. कुजबुजणारा वाघ जास्त भीतीदायक.

जंगल हिरवं हवं तर सप्टेंबर-ऑक्टोबर. मार्चमध्ये सागाखाली नुसता पाचोळा असतो. वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय शिरू नको, झुडपी जंगलातही नाही. स्वतःच्या शेतालगतचा नाला पुरे. सकाळी साडेनऊपर्यंत आणि चारनंतरच शूट कर, भर दुपारी मोबाइल तापून बंद पडतो. घरात ट्यूबलाइट असेल तर शटर १/५० ठेव, नाहीतर चित्र लुकलुकतं.

टुणुकचा आवाज कॉम्प्युटरमधला तयार घेऊ नको. वाळलेल्या तुंब्यावर (आतून पोकळ, सुकवलेल्या भोपळ्यावर) बोटाने टिचकी मारून बघ. मातीवरची उडी, पाचोळ्यावरची उडी, दगडावरची उडी, तिन्ही वेगळ्या वाजल्या पाहिजेत, म्हणून लहानमोठे तीन तुंबे आणून ठेव.

तुझा,
काका