प्रोबायोटिक पावडरने गाईच्या दुधाचा फॅट वाढतो का?

तुमच्या दोन संकरित गाई, फॅट ३ च्या खाली, आणि दुकानदार म्हणतो प्रोबायोटिकचा, म्हणजे पचनाला मदत करणाऱ्या जिवंत यीस्टच्या किंवा जिवाणूंच्या पावडरचा डबा घ्या. आधी गोठ्यात जाऊन गाय रवंथ करते का ते बघा. एक घास तिने ५०-६० वेळा तरी चावायला हवा.

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात तीन वर्षांपूर्वी जत्रेनंतर दिराने महाप्रसादाचा उरलेला भात घमेलंभर आमच्या चंद्री गाईपुढे ठेवला. संध्याकाळी तिने पाणीही हुंगलं नाही. डावी कूस दाबली तर आत डुचमळत होतं. शेण पातळ, आंबूस वासाचं, त्यात अख्खी शितं. दिराने लगेच प्रोबायोटिक पाजलं. तो डबा मागच्या पावसाळ्यापासून फळीवर उघडा होता. आमच्या दमट हवेत त्यातलं यीस्ट जिवंत तरी होतं का? आणि असलं तरी, एवढ्या भाताने कोटीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, लॅक्टिक आम्ल साचतं, सामू (pH, कमी म्हणजे आंबटपणा जास्त) साडेपाचच्याही खाली जातो, चारा पचवणारे जिवाणू मरतात. तिथे मूठभर नवे सोडून काय होणार?

रात्री डॉक्टरांनी सलाईन लावलं, खायचा सोडा पाजला. जीव वाचला, पण तिसऱ्या दिवशीही रवंथ नाही. मग सासूबाईंनी आमच्या गावठी गाईच्या तोंडातला रवंथाचा घास काढून कोमट पाण्यात कालवला आणि चंद्रीला सावकाश पाजला. डॉक्टर म्हणाले, बरोबर केलं, आम्हीही निरोगी जनावराच्या कोटीपोटातलं पाणी पाजतो. चौथ्या दिवशी पहाटे गोठ्यातून चावण्याचा आवाज आला आणि मी उंबऱ्यातच बसले.

दीर अजून गावभर सांगतो, डब्याने बरी झाली. नाही झाली. सासूबाईंच्या हाताने झाली.

तुमच्या गाईंना सुकं गवत कमी आणि पेंड जास्त पडत असणार, फॅट बहुतेक त्यानेच पडतो. पेंड कमी करा, पेंढा वाढवा, आणि कुठलाही बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करा.

यीस्ट वाईट नाही, मीही विण्याच्या आधी-नंतर तीन आठवडे देते. ते कोटीपोटातला प्राणवायू खाऊन टाकतं, मग चारा पचवणारे जिवाणू जोर धरतात. पण रोज द्यावं लागतं. जिवाणूंची पावडर असेल तर अँटिबायोटिक चालू असताना देऊ नका, फुकट जाते. आणि डावी कूस फुगलेली दिसली तर पाजत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. डबा घेतलातच तर तारीख बघून घ्या आणि झाकण घट्ट लावा.