केळं पिकलं, साल हिरवीच

प्रश्न: मुलीसोबत कागदी पिशवीत केळी पिकवून पाहिली. आतून मऊ झाली, साल मात्र हिरवीच. काय चुकलं? (एक वाचक, रावेर)

उत्तर: पद्धत नाही, उकाडा नडला. तापमान ३० अंशांवर गेलं की गर पिकतो, पण सालीतलं हरितद्रव्य पुरतं मोडत नाही. खान्देशातल्या मे महिन्यात हे होणारच! पिशवी माठाशेजारी गारव्याला ठेवा.

पूर्ण वाढ झालेली ४ कच्ची केळी घ्या. २ पिशवीत एका पिकलेल्या केळ्यासोबत, २ बाहेर. पिकलेल्यातून निघणारा इथिलीन वायू पिशवीत साठतो, म्हणून आतली आधी पिकतात. प्लास्टिक नकोच, ओल धरून बुरशी येते.

खरी गंमत पुढे: दोन्हींच्या चकत्यांवर आयोडीनचा थेंब टाका. कच्ची निळी-काळी होते, कारण तिच्यातल्या स्टार्चची साखर अजून झालेली नसते. आयोडीन लावलेली चकती मात्र खाऊ देऊ नका.