वापरलेल्या नॅड ३०२० ॲम्प्लिफायरला कोणते स्पीकर जोडावेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: चोरबाजारातून घेतलेला नॅड ३०२० हा दर चॅनेलला २० वॅटचा जुना ॲम्प्लिफायर आपल्याकडे आहे, दादरच्या घरातील खोली दहा फूट बाय बारा फूट आहे आणि ऐकणे मुख्यतः ख्याल व नाट्यसंगीताचे आहे. एक दुकानदार १०० वॅटचे टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच) स्पीकर सुचवतो, तर दुसरा म्हणतो की २० वॅटपेक्षा मोठा स्पीकर या ॲम्प्लिफायरला पेलणारच नाही. माझ्या मते दोघेही चुकीच्या आकड्याकडे बोट दाखवीत आहेत.

स्पीकरच्या पाठीवर छापलेले वॅट ही त्याच्या सोसण्याची मर्यादा असते. तेवढी शक्ती मिळाल्याखेरीज तो वाजत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. १०० वॅट सोसणारा स्पीकर एका वॅटवरही व्यवस्थित वाजतो, आणि रात्री जेवणानंतर आपण ज्या बेताच्या आवाजात ऐकत असाल त्या वेळी ॲम्प्लिफायर बहुधा एका वॅटच्याही खालीच काम करीत असतो. पाहायचा आकडा आहे तो सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो त्याचा. आठ ओहमच्या (ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचे माप) स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॅट. दर तीन डेसिबलला लागणारी शक्ती दुप्पट किंवा निम्मी होत असल्यामुळे ८४ डेसिबलच्या स्पीकरला जे काम करायला २० वॅट लागतात, तेच काम ९० डेसिबलचा स्पीकर पाच वॅटमध्ये करतो. येथे एक बारकावा आहे: चार ओहमच्या स्पीकरमध्ये तेवढेच व्होल्ट दोन वॅट खर्च करतात, म्हणून त्याचा छापील आकडा तीन डेसिबलने फुगलेला समजावा.

आता आपला हिशेब करून पाहू. २० वॅट म्हणजे एका वॅटच्या वर १३ डेसिबल. ८७ डेसिबलचा स्पीकर घेतला तर एक मीटरवर १०० डेसिबलपर्यंत पोहोचता येते, आणि सात-आठ फुटांवर बसल्यावर त्यातले थोडे कमी झाले तरी मुंबईतल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात एवढा आवाज शेजारी एक दिवसही ऐकून घेणार नाहीत. शिवाय १९७८ मध्ये बाजारात आलेला हा ॲम्प्लिफायर क्षणभरासाठी आपल्या नोंदलेल्या शक्तीच्या जवळजवळ दुप्पट देऊ शकतो, आणि तबल्याच्या थापेला नेमकी अशीच क्षणिक ताकद लागते, कारण ती थाप सरासरी आवाजाच्या दहा-पंधरा डेसिबल वर सहज जाते. म्हणून ८७ ते ९० डेसिबलच्या दरम्यानचे स्पीकर शोधावेत. बीबीसीने विकसित केलेला एलएस ३/५ए हा मानवी आवाजासाठी नावाजलेला छोटा स्पीकर कोणी आपल्याला आग्रहाने सुचवील. तो गुणी आहे यात शंका नाही, पण त्याची सेन्सिटिव्हिटी ८३ डेसिबलच्या आसपास असल्यामुळे २० वॅटवर त्याला मोकळा श्वास मिळत नाही.

ओहमचा आकडाही छापील नावावर सोडू नये. स्पीकरचा रोध प्रत्येक सुराला वेगळा असतो, आणि ‘आठ ओहम’ म्हणून विकला जाणारा स्पीकर काही सुरांवर चार ओहमच्याही खाली उतरतो. माहितीपत्रकात बऱ्याचदा किमान रोध वेगळा दिलेला असतो. तो सहाच्या आसपास असेल तर चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या ॲम्प्लिफायरला निवांत चालू द्यावे. जुने ट्रान्झिस्टर आणि जुने कपॅसिटर यांना विनाकारण राबवण्यात काही अर्थ नाही.

स्पीकर जळतात ते बहुतेक वेळा मोठ्या ॲम्प्लिफायरमुळे नव्हे, तर लहान ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर नेल्यामुळे. लाटेचे शेंडे छाटले गेले की वरच्या सुरांतली शक्ती वाढते आणि आधी ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, जातो. आपल्या बाबतीत हा धोका लवकर येतो, कारण या काळातल्या ॲम्प्लिफायरना पूर्ण शक्तीसाठी सुमारे १५० मिलिव्होल्ट पुरत असत, तर सीडी प्लेयर किंवा आजचा डॅक (डिजिटल संगीताचा विद्युत संकेत करणारा संच) दोन व्होल्ट देतो. त्यामुळे व्हॉल्यूमचे बटण घड्याळातल्या दहा-अकराच्या जागी असतानाच सगळी ताकद संपलेली असू शकते. बटण अजून पुष्कळ फिरायचे बाकी आहे, हा भरवसा खोटा आहे. मागच्या बाजूचे सॉफ्ट क्लिपिंगचे, म्हणजे शेंडे एकदम न छाटता हळुवार वळवणारे, बटण चालू ठेवावे.

मात्र माझ्या दृष्टीने या निवडीत सर्वांत मोठा वाटा खोलीचा आहे. बारा फुटांच्या लांबीत सुमारे ४७ हर्ट्झला आणि दहा फुटांच्या रुंदीत सुमारे ५७ हर्ट्झला आवाज भिंतींच्या मध्ये अडकून घुमतो. चाळीस हर्ट्झपर्यंत उतरणारे टॉवर या दोन्ही जागा चेतवतील, आणि डग्ग्याची मींड ऐकू येण्याऐवजी नुसता घुमारा खोलीभर राहील. साठच्या खाली आपोआप ओसरणारा, पाच-साडेपाच इंच वूफरचा (खर्ज वाजवणाऱ्या शंकूचा) लहान बुकशेल्फ स्पीकर येथे अधिक खरा वाजतो, कारण पाठीमागची भिंत त्याच्या खर्जाला हवा तेवढा आधार देते. आपल्या घरांत दिवाण, कपाट आणि दार यांच्या मधून उरलेल्या जागेत स्पीकर भिंतीला जवळजवळ टेकूनच ठेवावा लागतो, तेव्हा खोका पूर्ण बंद असलेला किंवा हवेचे भोक पुढच्या बाजूस असलेला निवडावा. ट्वीटर बसल्यावर कानाच्या पातळीत यावा. लोखंडी कपाटावर चढवलेले स्पीकर दिसायला नीट दिसतात, ऐकायला नाही.

नाट्यसंगीताची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून घेतलेल्या मुद्रणांत अगदी वरचे सूर जवळजवळ नसतातच, खरखर मात्र असते. कर्ण्याच्या आकाराचा ट्वीटर असलेले क्लिप्शसारखे स्पीकर सेन्सिटिव्हिटीत सरस असले तरी ती खरखर पुढे आणतात. कापडी घुमटाचा मऊ ट्वीटर अशा मुद्रणांना अधिक साजतो. वॉर्फडेलच्या डायमंड मालिकेतले अनेक लहान स्पीकर या वळणाचे आहेत आणि वापरलेलेही मिळतात.

वापरलेले स्पीकर घेताना वूफरची कड पाहावी. ती फोमची असेल तर मुंबईच्या दमट हवेत तिचा भुगा झालेला असण्याची शक्यता बरीच. रबराची कड टिकते. शंकू चारही बोटांनी अलगद आत दाबावा; आत घासल्याचा आवाज आला तर सौदा सोडावा. खोक्याचे तळ आणि कोपरेही तपासावेत, कारण पावसाळ्यात भुशाचा बोर्ड फुगतो.

हे सारे करण्याआधी ॲम्प्लिफायरवर छापलेला व्होल्टेज वाचावा. अमेरिकेतला १२० व्होल्टचा संच थेट आपल्या २३० व्होल्टला लावला तर तो जळेल. नंतर, काही वाजत नसताना आणि स्पीकर जोडलेले नसताना, मल्टिमीटरने स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. त्याच्या बरेच वर असेल तर आधी दुरुस्ती, मग स्पीकर. तारांवर खर्च करू नये, चार मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरते. लॅमिंग्टन रोडवर स्पीकर ऐकायला जाताना शक्य असल्यास आपलाच ॲम्प्लिफायर सोबत न्यावा, आणि दुकानदाराची डेमोची गाणी बाजूला ठेवून आपल्या ओळखीचा एखादा विलंबित ख्याल लावायला सांगावा.